अकरा महिने लपवलेला गुडघा

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमची कंपनी बेस कॅम्पवर पोहोचली. वर पोस्टवर चढण्याआधी तीन आठवडे तिथे काढायचे होते, उंचीची सवय व्हावी म्हणून. मी, मोहिते, तेव्हा नायक होतो. नोकरीला सोळा वर्षं झाली होती, वय पस्तीस. घर इंदूरला, स्नेहलतागंजमध्ये. आजोबा मिलमध्ये कारकून म्हणून आले आणि आम्ही तिथलेच झालो. घरात मराठी, गल्लीत हिंदी, पलटणीत जी चालेल ती.

सकाळी साडेपाचला पीटी, नंतर लोड घेऊन चढाई, दुपारी शस्त्रांची सफाई, साडेचारला व्हॉलीबॉल. अकराव्या दिवशी मी स्मॅश मारून खाली आलो. उजवा पाय जमिनीवर टेकला, शरीर डावीकडे वळलं आणि पाय तिथेच राहिला. गुडघ्यातून आवाज आला, सुकी फांदी मोडावी तसा. मला कुणी धक्का दिला नव्हता. जवळपासही कुणी नव्हतं.

मला उठवलं ते लान्स नायक राधेश्याम चौधरीने. सांवेरच्या पुढे त्याचं गाव. कंपनीत इंदूरकडचे आम्ही दोघंच, म्हणून तो मला नायकसाब न म्हणता भिया, म्हणजे भैया, म्हणायचा.

"भिया, आवाज मैंने भी सुनी," तो म्हणाला. "एमआय रूम चलो." एमआय रूम म्हणजे पलटणीचा दवाखाना.

दोन तासांत गुडघा नारळाएवढा सुजला. आमच्या आरएमओंनी, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरांनी, बर्फ लावला, पट्टी बांधली आणि सांगितलं, "दस दिन देखते हैं. नहीं तो एमआरआय के लिए नीचे भेजूँगा." दहा दिवसांत सूज उतरली. मी सरळ रेषेत चालू शकत होतो, हळू पळूही शकत होतो. आरएमओंसमोर दहा उठाबशा काढल्या. घाम फुटला होता, तो थंडीच्या कपड्यांत दिसला नाही.

"ठीक हूँ सर," मी म्हणालो.

हे खोटं का बोललो, ते सांगतो. पुढच्या वर्षी माझा हवालदारीचा नंबर होता. गुडघ्याचं लिगामेंट गेलंय असं कागदावर आलं की माणूस लो मेडिकल कॅटेगरीत जातो. प्रमोशन थांबतं. कंपनी वर जाते आणि तो खाली स्टोअरमध्ये ब्लँकेट मोजत बसतो. मला त्या स्टोअरची भीती वाटत होती. इतर भीत्या त्यापुढे लहान वाटल्या.

ऑक्टोबरच्या शेवटी वीस दिवसांच्या रजेवर घरी आलो. आमचं घर पहिल्या मजल्यावर. जिना उतरताना तिसऱ्या पायरीवर गुडघा निसटला. निसटला म्हणजे काय, ते ज्याचा निसटलाय त्यालाच कळतं. खालचं हाड पुढे सरकतं, वरचं मागे राहतं, आणि क्षणभर पाय आपला नसतो. मी कठडा धरला.

बायकोने, माधुरीने, स्वयंपाकघरातून पाहिलं. "अहो, तुम्ही लंगडताय."

"मोच आहे."

"झूठ नका बोलू. आल्यापासून बघतेय, उजव्या पायावर वजनच टाकत नाही तुम्ही."

दुसऱ्या दिवशी तिला बँकेत जातो सांगून मी तुकोगंजला गेलो. मिलिटरी हॉस्पिटलमध्ये गेलो असतो तर नोंद झाली असती. खासगी सेंटरमध्ये एमआरआय काढला आणि त्याच रस्त्यावरच्या एका क्लिनिकमध्ये फिल्म घेऊन गेलो. डॉ. सरनाईक म्हणून बाई होत्या, हाडांच्या सर्जन, दोन-तीन वर्षांपूर्वी कोल्हापूरकडून इंदूरला आलेल्या. मी फौजी आहे हे सांगितलं नव्हतं. त्यांनी केसांकडे आणि बुटांकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही.

मला आडवं झोपवलं, मांडी एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताने पोटरी पुढे ओढली. हाड सहज पुढे आलं. मला ते दिसलं.

"एसीएल पूर्ण तुटलंय," त्या म्हणाल्या. "गुडघ्याच्या मधला दोर. पण एक गोष्ट चांगली आहे. दोन्ही गाद्या शाबूत आहेत."

गाद्या म्हणजे मेनिस्कस. त्यांनी टेबलावरचं प्लास्टिकचं मॉडेल हातात दिलं. मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये चंद्रकोरीसारख्या दोन चकत्या, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या.

"बाहेरची गादी फाटायची असेल तर बहुतेक वेळा पहिल्याच झटक्यात फाटते. तुमची वाचली. आतली नंतर फाटते. दोर नसला की नडगी पुढे घसरते, आणि तिला अडवायचं काम ही आतली गादी करते. ते तिचं काम नाही. प्रत्येक वेळी गुडघा निसटला की ती हाडांमध्ये चिरडली जाते."

"किती वेळा चालतं असं?"

"ते मी सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकत नाही. पण धोका कशाने वाढतो ते माहीत आहे. जितके महिने जातील तितका वाढतो. जितक्या वेळा निसटेल तितका वाढतो. तिशीनंतर गादी तेवढी लवचीक राहत नाही. पुरुषांमध्ये जास्त दिसतं. अंगावर वजन असेल तर जास्त. वळण्याची, उड्या मारण्याची, खडबडीत जमिनीवर चालण्याची कामं असतील तर जास्त. शिवाय तुमच्या नडगीच्या हाडाचा वरचा उतारही जरा तिरका आहे. हाड आधीच पुढे घसरायला तयार आहे." त्यांनी फिल्म खाली ठेवली. "तुमचं काम काय आहे?"

मी म्हणालो, "चालायचं."

"वजन घेऊन?"

"पंचवीस किलो."

"डोंगरात?"

मी पँटचा पाय खाली ओढला.

"दोन-तीन महिन्यांत ऑपरेशन करून घ्या," त्या म्हणाल्या. "दोर नवीन घालता येतो. गादी एकदा तुकडे होऊन फाटली की परत येत नाही. आणि तोवर ते चालणं बंद."

रिपोर्ट मी घराच्या माळ्यावर जुन्या ट्रंकेत टाकला आणि रजा संपल्यावर पलटणीत हजर झालो, वेळेवर.

हिवाळा पोस्टवर गेला. बर्फात फार हालचाल नसते, त्यामुळे निभावलं. तरी जिन्यावरची पहिली वेळ धरून मार्चपर्यंत गुडघा सात वेळा निसटला. मी मोजत होतो. एकदा बंकरच्या दाराशी, एकदा रॉकेलचा कॅन उचलताना, एकदा नुसता शिंकताना. सहाव्या वेळेनंतर आतल्या बाजूला बारीक कळ राहायला लागली. खाली बसून उठलो की टक् असा आवाज. मला बाईंचं बोलणं शब्द न् शब्द आठवायचं. प्रत्येक पावलाआधी मी जमीन पाहायचो. इतर जण समोर पाहायचे, मी खाली. झोपेतही पाय हलवायला घाबरायचो.

राधेश्याम माझ्याच बंकरमध्ये होता. त्याच्यापासून काय लपणार! एप्रिलमध्ये त्याने विचारलं आणि मी सगळं सांगितलं, एमआरआयसकट.

तो बराच वेळ बूट घासत राहिला. मग म्हणाला, "भिया, आरएमओ साब को बोल दो."

"हवालदार झालो की बोलतो. ऑगस्टमध्ये केडर आहे." केडर म्हणजे बढतीआधीचा कोर्स.

"और तब तक?"

"तब तक तू चूप."

"मेरेको ठीक नहीं लग रिया," तो म्हणाला. पण तो गप्प राहिला. मी सीनियर होतो, आणि मी त्याच्याकडून शब्द घेतला होता.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात लिंक पेट्रोलचा हुकूम आला. आमच्या पोस्टवरून शेजारच्या पोस्टपर्यंत जायचं, रस्ता तपासायचा, परत यायचं. आठ माणसं, कमांडर कॅप्टन नेगी. वाटेत एक दगडी नाला होता, पाणी नसलेला, वरून खालपर्यंत सुटे दगड. रुंदी ऐंशी पावलं. रात्री गारठ्यात दगड एकमेकांना धरून राहतात. सकाळी वरच्या कड्यावर ऊन पडलं की बर्फ सुटतो आणि दगड यायला लागतात. म्हणून नियम होता, नाला दहाच्या आत पार.

सहा दहाला निघालो. वाटेत एका ठिकाणी पायवाट खचली होती, ती बांधण्यात वेळ गेला. नऊ पस्तीसला नाल्याशी पोहोचलो. कॅप्टन साहेबांनी घड्याळ पाहिलं, वर पाहिलं. कडा अजून सावलीत होता.

"एक-एक करके. पंद्रह कदम का फासला. बीच में कोई रुकेगा नहीं."

साहेब स्वतः पहिले गेले. माझा नंबर सातवा, राधेश्याम शेवटचा. माझी पाळी येईपर्यंत नऊ पन्नास झाले. मी निघालो. चाळीस पावलं मोजली. एका सपाट दगडावर उजवा पाय ठेवला, दगड फिरला, पाठीवरच्या वजनाने मला डावीकडे वळवलं. गुडघा निसटला. आठवी वेळ.

या वेळी तो परत जागेवर आला नाही. आत काहीतरी पलटलं आणि अडकलं. मी पडलो. पाय वाकलेला होता आणि सरळ होत नव्हता. दोन्ही हातांनी घोटा ओढला. दारात पाचर ठोकावी तसा गुडघा बसला होता. दुखणं खूप होतं, पण ते मला नंतर आठवलं. आधी आठवतं ते वर पाहणं. कड्याच्या टोकावर उन्हाची एक बारीक पिवळी रेघ आली होती.

राधेश्याम माझ्यापर्यंत पोहोचला.

"भिया, उठो."

"नाही उठता येत. लॉक झालाय."

त्याने पाय धरून पाहिला, एकदाच. मी ओरडलो. त्याने सोडला, माझ्या पाठीवरचा पिठ्ठू उतरवला, बगलेत हात घालून मला एका मोठ्या दगडाआड ओढलं. दगड कमरेएवढा होता. आम्ही दोघं त्यामागे पूर्ण मावत नव्हतो.

राधेश्यामकडच्या रेडिओ सेटवर साहेबांचा आवाज आला. "चार्ली टू, क्या हुआ? ओव्हर."

"मोहिते नायकसाब का घुटना लॉक है, सर. चल नहीं सकते. ओव्हर."

"तू ठीक है?"

"ठीक हूँ, सर."

"रस्सी फेंक रहे हैं. पहले उसे बाँध. हम खींचेंगे. उसके बाद रस्सी वापस, फिर तू. समझा?"

"रॉजर, सर."

तो ठीक नव्हता. रस्सीची पहिली फेक आखूड पडली, दुसरीही. तेवढ्यात वरून पहिला दगड आला. मुठीएवढा असेल. आमच्या उजवीकडून दोनदा आपटत खाली गेला, आणि खाली खूप वेळ त्याचा आवाज येत राहिला. पँट ओली झाली होती, हे मला नंतर हॉस्पिटलमध्ये कळलं.

"भिया," राधेश्याम म्हणाला, "मेरी टाँगें नहीं रुक रईं."

"माझीही."

"आपकी तो एकी चल रई है," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो. खरंच हसलो. दोन सेकंद.

मग मी त्याला म्हणालो, "तू निघ. रस्सी मी बांधून घेईन."

"आपसे गाँठ नहीं लगेगी."

त्याचं बरोबर होतं. माझी बोटं वळत नव्हती. तिसऱ्या फेकीला रस्सी हाताला लागली. त्याने माझ्या छातीखालून दोन वेढे घेतले, गाठ मारली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. दहा वाजून पाच मिनिटं. त्याने हात वर केला आणि पलीकडून ओढायला सुरुवात झाली. मी पाठीवर घसरत गेलो, वाकलेला पाय दोन्ही हातांनी छातीशी धरून. दगड पाठीत रुतत होते. मी आकाश पाहत नव्हतो, कडा पाहत होतो. ऊन खाली उतरत होतं. मला फक्त एवढंच वाटत होतं की लवकर ओढा, मला काढा इथून. त्या दहा मिनिटांत मी राधेश्यामचा विचार एकदाही केला नाही. हे मी कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही, इथे लिहितोय.

दहा पंधराला मला पलीकडे ओढून घेतलं. रस्सी सोडवली, परत फेकली. ती त्याच्यापर्यंत पोहोचली. त्याने कमरेला बांधली आणि निघाला. वीस पावलं आला. कॅप्टन साहेब ओरडले, "पत्थर! बैठ जा!" तो बसला, डोकं हातांत घेऊन. आवाज आधी आला, मग धूळ. धूळ बसली तेव्हा तो आडवा होता. दोरी कमरेला तशीच होती. तिनेच त्याला ओढून आणलं.

हेल्मेट शाबूत होतं. मार छातीच्या डाव्या बाजूला लागला होता. नर्सिंग असिस्टंटने जे करायचं ते सगळं केलं. सेटवर हेलिकॉप्टर मागितलं, ते येण्याआधी दहा पंचावन्नला राधेश्याम गेला. मी त्याच्यापासून चार हातांवर होतो. मला त्याच्यापर्यंत सरकता आलं नाही.

बेस हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं. सर्जन कर्नल होते. मी शुद्धीवर आल्यावर ते म्हणाले, "तुम्हारा मीडियल मेनिस्कस बाल्टी की कड़ी की तरह फटके बीच में फँसा था. सिल नहीं सका, किनारे सड़े हुए थे. ज्यादातर निकालना पड़ा." मग त्यांनी खुर्ची ओढली. "ये एक दिन का काम नहीं है, नायक. ये घुटना पुराना है. कितने महीने?"

तोवर मी चौकशीत लिहून दिलं होतं की पाय त्या दिवशी मुरगळला. मी छताकडे पाहिलं. मला वाटलं, आता जर खोटं बोललो तर आयुष्यभर या पलंगावरून उठणार नाही.

"अकरा, सर."

जबाब बदलला. कमांडिंग ऑफिसरांसमोर उभा राहिलो, कुबड्या घेऊन. शिक्षा झाली. ती कमी होती असं मला वाटलं, आजही वाटतं. लिगामेंट नंतर घातलं गेलं. कॅटेगरी खाली गेली ती वर आलीच नाही. सतरा वर्षांची नोकरी करून नायक म्हणूनच घरी आलो. आता सांवेर रोडवर एका इंजिनिअरिंग कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. जिना आडवा होऊन उतरतो. तासभर उभा राहिलो की गुडघा भरून येतो. एक्स-रेमध्ये हाडांमधली फट जवळजवळ मिटली आहे. डॉ. सरनाईक म्हणतात, साठीच्या आधीच सांधा बदलावा लागेल. आमच्याकडे येणाऱ्या खेळाडूंना हे सांगाल का, असं त्यांनी विचारलं. म्हणून महिन्यातून एकदा तुकोगंजला जातो. मॅच होऊ दे, मग बघू, असं म्हणणारी मुलंमुली समोर बसतात. मी त्यांना गुडघ्याचं सांगतो. नाल्याचं सगळ्यांना सांगत नाही.

राधेश्यामच्या घरी जायला मला चौदा महिने लागले. सरकारी पत्रात लिहिलं होतं की पेट्रोलवर दगड कोसळून मृत्यू. ते खरं होतं. अपुरं होतं. दोनदा मी सांवेरपर्यंत जाऊन मागे फिरलो. तिसऱ्यांदा माधुरी बरोबर आली. "मी बसते गाडीत," ती म्हणाली, "पण तुम्ही उतरायचं. अब बस्स झालं."

त्याची बायको सुनीता अंगणात सोयाबीन पाखडत होती. तिने मला ओळखलं, फोटोवरून. खाट टाकली, पाणी आणलं. तिचे सासरे आत झोपले होते. मी ग्लास तसाच खाली ठेवला. नाल्यात जितका घाबरलो होतो, तितकाच घाबरलो होतो.

मी सगळं सांगितलं. व्हॉलीबॉल, एमआरआय, बाईंचं सांगणं, त्याच्याकडून घेतलेला शब्द, रस्सी. ती समोर बसून ऐकत होती. सूप मांडीवर तसंच होतं.

"आपने बता दिया होता," शेवटी ती म्हणाली, "तो आप उस दिन पहाड़ पे होते ही नहीं."

"हो."

"और ये भी नहीं रुकते."

"नाही थांबला असता."

तिने सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता उठायला सांगेल. मी तेवढ्याच तयारीने आलो होतो.

"एक बात पूछूँ? सच बोलना." तिचा आवाज बारीक झाला होता. "सब लोग आए, मंत्रीजी आए, सबने बोला कि वो निडर थे. मेरेको तो पता है, कुएँ में उतरने से डरते थे वो. वहाँ डरे थे क्या?"

मी म्हणालो, "हाँ. बहुत. पैर काँप रहे थे उनके. मेरेको बोले भी थे."

तिने तोंडाला पदर लावला. बराच वेळ रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तो फिर वो ही थे. मेरेको लगता था, किसी और की बात कर रहे हैं सब." ती उठली. "माफी की बात मत करना मेरे से. अभी नहीं. भाभीजी को अंदर बुलाओ, धूप में बैठी हैं."

आम्ही तिथे जेवलो. त्यानंतर दर वर्षी ऑगस्टमध्ये जातो. माफीचा विषय तिने काढलेला नाही, मीही काढलेला नाही.

लान्स नायक राधेश्याम चौधरी, वय एकतीस. नऊ वर्षांच्या नोकरीत दरवर्षी रजा मागायचा ती सोयाबीनच्या कापणीची. चहात साखर तीन चमचे. रेडिओ सेटवर त्याचा आवाज सगळ्यांत स्वच्छ यायचा, म्हणून सेट त्याच्याकडे असायचा. विहिरीला घाबरायचा, उंचीला घाबरायचा, सुईला घाबरायचा. त्या दिवशी दहा वाजून पाच मिनिटांनी, पाय कापत असताना, त्याने दुसऱ्या माणसाची गाठ दोनदा ओढून पाहिली.